लोखंडाची खोली

इंजिन कुठं ठेवायचं हे विचारायला व्हिन्सेंटला कुणी बोलावलं नव्हतं. त्याला बोलावलं होतं ते ठेवलेलं इंजिन चालू करून द्यायला. तरी तो आल्या आल्या, वहाणा काढायच्या आधीच म्हणाला की हे इथं चालणार नाही. भाईंदरला गावंडांच्या ओटीवर उभं राहून जोमा गावंडाला असं तोंडावर सांगणारा माणूस त्याआधी एकच होऊन गेला होता, आणि तो जोमाचा बाप होता.

इंजिन घरात आलं त्याचीही गंमतच. लढाई संपली तसा मिलिटरीचा उरलासुरला माल लिलावात निघायला लागला. जोमाचा धाकटा भाऊ हिराजी मिठाच्या गोण्या शिवायला सुतळी आणतो म्हणून मुंबईला गेला आणि वीज तयार करणारं पेट्रोलचं इंजिन घेऊन आला. सुतळी राहिलीच. बैलगाडीतून ते हिरवं धूड उतरवताना तो एवढंच म्हणाला की गोण्या काय, काथ्यानंही शिवता येतात.

तशी घरात वीज होती. म्हणजे होती म्हणायची. स्टेशनाकडच्या बर्फाच्या कारखान्याला जागा जोमानं दिलेली, म्हणून कारखान्यातून एक तार गावंडांच्या घरापर्यंत आली होती. पण दिवस मावळताना तिकडं बर्फाचं यंत्र सुरू झालं की इकडं दिवे आधी लाल व्हायचे आणि मग विझायचे. जोमा रोज संध्याकाळी कारखान्याच्या दिशेनं बघून एक शिवी द्यायचा आणि त्याची बायको चांगुणा कंदिलाची काच पुसायला घ्यायची. दोघांनाही याची सवय झाली होती. या खेपेला मात्र जोमाला कंदील नको होता.

या खेपेला मथुरेच्या लेकीचं बारसं होतं. मथुरा जोमाची एकुलती एक मुलगी, जवळच्याच काशी गावच्या पाटलांकडं दिलेली. तिची आधीची दोन्ही बाळंतपणं याच घरात झाली आणि दोन्ही वेळा ती रिकाम्या हातांनी सासरी गेली. ही तिसरी. दहा दिवसांची झाली होती, दूध ओढत होती, पाय झाडत होती. पोर जगली असं अजून कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं. चांगुणा मात्र काही ना काही निमित्त काढून खोलीत जायची आणि दुपट्याखालचं पोट वरखाली होतंय ना, ते बघून यायची. परवा, बाराव्या दिवशी, दिवेलागणीला काशीची मंडळी येणार होती, आणि त्यांच्यासमोर आपल्या घरातला एकही दिवा विझता कामा नये, असं जोमानं ठरवलं होतं.

इंजिन ठेवलं होतं लोखंडाच्या खोलीत. मिठागरावर लोखंड टिकत नाही. खारा वारा दोन वर्षांत बिजागरी खातो, खिळ्याला तर एक पावसाळा पुरतो. म्हणून गावंडांकडं फावडी, पहारी, कोयते, सगळं करंजेल चोपडून भाताच्या तुसात पुरून एका खोलीत ठेवत, आणि त्या खोलीला वारा म्हणून लागू देत नसत. खिडकी विटांनी बुजवलेली, दाराला आतून गोणपाट, कौलांखालच्या फटी शेणमातीनं लिंपलेल्या. इंजिन लोखंडाचं, तेव्हा ते कुठं जायचं याबद्दल जोमाला प्रश्नच पडला नाही. उलट त्यानं जास्तीची काळजी घेतली. पलीकडं बाळंतिणीची खोली होती आणि मधली भिंत आढ्यापर्यंत गेलेली नव्हती. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीच्या धुरासाठी वर एक कौल सरकवून ठेवलेलं असायचं, त्यातून येणारा वारा भिंतीवरून इकडं यायचा. जोमानं शेगडी बाहेर काढायला लावली आणि ते कौल बसवून टाकलं. शिडीवर चढून त्याच्या फटी लिंपायचं काम चांगुणेनं केलं. बाळंतिणीला वारा लागायचा नाही, म्हणून बयो सुईणीनंही मान डोलवली.

व्हिन्सेंट उत्तनचा. लढाईत चार वर्षं मिलिटरीच्या लॉऱ्या दुरुस्त करून आलेला, तिशीतला, मोजकं बोलणारा. त्यानं खोली बघितली, बुजवलेली खिडकी बघितली, मग मान वर करून अर्धवट भिंत बघितली. तेवढ्यात पलीकडून पोर रडली.

"तिकडं कोन निजतंय?" त्यानं विचारलं.

सांगितल्यावर तो सरळ मागच्या अंगणात गेला आणि भोकरीच्या झाडापलीकडं, घरापासून चांगल्या वीस-पंचवीस पावलांवर जाऊन उभा राहिला. इंजिन इथं पाहिजे म्हणाला. वर छप्पर, चारी बाजू उघड्या, धुराच्या नळकांड्याचं तोंड घराकडं पाठ करून, आणि आसपास पेंढा-बिंढा काही नको.

"चारी बाजू उघड्या," जोमा म्हणाला. "या वाऱ्यावर. सा म्हयन्यांत भुगा व्हईल त्याचा."

"व्हईल काका. पन धूर भायेर जाईल."

धूर तर आमच्या चुलीलाही आहे, असं जोमानं ऐकवलं. मग व्हिन्सेंट त्याच्या मानानं बरंच बोलला. दिसतो त्या धुराचं काही नाही, तो नाकात गेला की माणूस खोकत बाहेर पळतो. पण त्याच्याबरोबर आणखी एक विषारी हवा येते, तिला रंग नाही, वास नाही. डोकं धरतं, मग झोप येते, आणि माणूस त्या झोपेतून उठत नाही. थंडीत गरम वाटावं म्हणून बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून निजलेले दोन ड्रायव्हर त्यानं स्वतः बाहेर काढले होते. गाल लाल होते त्यांचे, चांगली झोप लागल्यासारखे दिसत होते.

जोमानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि ते दोघं प्यायले असतील म्हणाला.

"एक प्यायचा," व्हिन्सेंटनं कबूल केलं. "दुसरा पाद्री व्हायला निघालेला."

दुसरी गोष्ट मात्र जोमानं लगेच मान्य केली. कारखान्याची तार आणि इंजिनाची तार एकत्र जोडायची नाही, म्हणाला व्हिन्सेंट. नाहीतर इंजिनाची वीज उलटी तारेतून कारखान्याकडं जाईल आणि तिथं खांबावर चढलेला कुणी बिचारा मरेल. मधे दोन तोंडांचं बटण हवं, दांडा वर केला की कारखाना, खाली केला की इंजिन, दोन्ही एकदम कधीच नाही. जोमाचा जन्म खाडीचं पाणी आगरात घेण्यात आणि सोडण्यात गेला होता. दोन्हीकडच्या झडपा एकाच वेळी उघडल्या तर काय होतं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. पाण्याचं त्याला सगळं कळत होतं. वारा म्हणजे फक्त बाहेरून आत येणारी वस्तू, एवढीच त्याची समजूत होती.

त्या दिवशी जेवताना घरात दोन तट पडले. हिराजी भावाच्या बाजूनं, कारण इंजिन गंजलं तर सुतळीची गोष्ट पुन्हा निघणार. हिराजीची बायको कमळ व्हिन्सेंटच्या बाजूनं, कारण लोखंडाच्या खोलीच्या दाराशी तिच्या सोड्यांच्या, म्हणजे सुक्या कोळंबीच्या, बरण्या होत्या आणि सोड्यांना पेट्रोलचा वास लागतो. हे तिनं थोरल्या दिराला सांगितलं नाही, भाकरी वाढताना भाकरीकडं बघून सांगितलं. चांगुणा नवऱ्याच्या बाजूनं होती. बाळंतिणीच्या खोलीतल्या वाऱ्याचं एखादा उत्तनकर मेस्त्री आपल्याला शिकवणार, हे तिला झेपलं नाही. शिवाय लिंपण तिनं सुरेख केलं होतं.

ते बटण आणि लांब नळकांडं आणायला व्हिन्सेंट मुंबईला गेला. जाताना त्यानं 'मी येईपर्यंत चालू करू नका' असं तीनदा सांगितलं. एकदा जोमाला, एकदा हिराजीला, आणि त्या दोघांचे चेहरे बघून तिसऱ्यांदा चांगुणेला. तिनं बरं म्हटलं आणि कामाला लागली.

हिराजीनं दुसरा दिवस दुपारपर्यंत कळ काढली. त्याच्या हिशोबानं ती पुष्कळ होती. उद्या पाहुण्यांसमोर इंजिन रुसलं तर काय घ्या, एकदा चालवून बघू, असं तो जोमाला म्हणाला आणि जोमाला ते पटलं. कारखान्याच्या तारेला हात लावायचा नाही हे दोघांनी कटाक्षानं पाळलं. निराळी तार ओढून ओटीवर दोन दिवे टांगले. हिराजीनं दोरी ओढली. चौथ्या ओढीला इंजिन धडधडायला लागलं आणि भर दुपारी, उन्हात, ओटीवरचे दोन्ही दिवे लागले. जोमा त्यांच्याखाली हात मागं बांधून उभा राहिला. तेवढ्यात लोखंडाच्या खोलीचं दार वाऱ्यानं हललेलं त्याला दिसलं, म्हणून त्यानं जाऊन ते घट्ट ओढून घेतलं आणि गोणपाट नीट सारखं केलं.

पलीकडं मथुरेला आधी आवाजाचा त्रास झाला. पोर दचकून रडायला लागली, तिला तिनं कुशीत घेतलं. पेट्रोलचा वास येत होता, पण वास तर दोन दिवस येतच होता. मग तिचं डोकं जड झालं. दहा रात्री धड झोप नव्हती, आता आली वाटतं, असं तिला वाटलं आणि बरं वाटलं. पोर रडायची थांबली. मथुरेनं तिच्याकडं बघितलं तर गाल कसे गुलाबी झालेले, इतके कधी नव्हते. आईला हाक मारून दाखवावं असं तिच्या मनात आलं. पण हाक मारायचासुद्धा कंटाळा आला, मग तिनं डोळे मिटले.

चांगुणा अळिवाची खीर घेऊन आत आली. दोनदा मथू, मथू म्हणून बोलावलं. पोरीला उचलली तर मान मागं पडली. खिरीचं वाडगं कुठं गेलं हे तिला नंतरही आठवलं नाही. पोर छातीशी धरून ती मागच्या अंगणात धावली आणि जाता जाता कमळला तिनं मथूला बाहेर काढायला सांगितलं. कमळनं मथुरेला काखेत हात घालून ओढत ओढत भोकरीपर्यंत आणली. बयो सुईण दारात उभी राहून बाळंतिणीला वारा लागेल, वारा लागेल म्हणून ओरडत होती. आगरावरून वारा सरळ येत होता, खारा आणि गार. चांगुणा पोरीच्या तळव्यांवर टिचक्या मारत होती, तोंडावर फुंकर घालत होती आणि आधीच्या दोघांच्या वेळी जे जे देव तिनं सोडून दिले होते त्या सगळ्यांना पुन्हा बोलावत होती.

पोर शिंकली. मग थोडं थांबून, फार बारीक आवाजात, रडली. मथुरेला उलटी झाली आणि ती आईला विचारायला लागली की मी बाहेर का. चांगुणा तिथंच मातीत बसली. त्याच वेळी हिराजी, दिवे बघायला चला, म्हणून सगळ्यांना बोलवायला मागच्या दारी आला.

दिवेलागणीपर्यंत घरानं या गोष्टीचं कारण शोधून काढलं. बयो म्हणाली दृष्ट लागली, असली हिरवी अवदसा घरात आणल्यावर दुसरं काय होणार. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. जोमानं दृष्टीवर लगेच विश्वास ठेवला. एरवी तो असल्या गोष्टींवर हसायचा. पण दृष्ट असली तर ती दुसऱ्या कुणाची तरी असणार होती. इंजिन असलं तर ते त्यानं ठेवलेलं, आणि दारही त्यानंच ओढून घेतलेलं. दोन नातवंडं त्यानं स्वतःच्या हातांनी पुरली होती. तिसरीचा विचार त्याला या बाजूनं करताच येत नव्हता. त्या रात्री मथुरा आणि पोर स्वैपाकघरात, उघड्या खिडकीखाली निजल्या. चांगुणा बसून होती.

सकाळी व्हिन्सेंट नळकांडं खांद्यावर घेऊन आला. कमळनं त्याला सगळं सांगितलं. 'मी बोललो होतो' असं तो म्हणाला नाही. बाळंतिणीच्या खोलीत गेला, शिडी लावून वर चढला आणि बसवलेल्या कौलाच्या कडेवरून त्यानं हात फिरवला.

"हे कोनी लिपलं?"

"मी," चांगुणा म्हणाली.

त्यानं वरूनच तिच्याकडं बघितलं आणि खाली उतरला. काल पोर अंगणात शिंकली तेव्हा चांगुणेला रडू आलं नव्हतं, ते आता आलं. तिनं पदर तोंडाला लावला. तिथं उभं राहून तिला एकच दिसत होतं की जी वाट त्या विषाला जायला होती ती आपण आपल्या हातानं बंद केली, आणि वर दोनदा हात फिरवून गुळगुळीत केली.

जोमा मात्र ठाम होता. इंजिन आहे तिथंच राहील. दृष्ट काढून झालेली आहे. फार तर मधली भिंत आढ्यापर्यंत चढवू, दुपारपर्यंत होईल. आणि मथूनं दिवेलागणीआधी आपल्या खोलीत जावं, काशीची माणसं आल्यावर बाळंतीण उघड्या खिडकीत बसलेली दिसली तर ते काय म्हणतील. व्हिन्सेंट म्हणाला भिंत कितीही चढवा, जिथनं मुंगी जाते तिथनं ही हवा जाते. आणि मी चालू करणार नाही. जोमा म्हणाला, हिराजी करील. हिराजी जमिनीकडं बघत राहिला. कमळ निमूटपणे सोड्यांच्या बरण्या बाहेर नेऊन ठेवायला लागली.

चांगुणेनं डोळे पुसले. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला चारचौघांत कधी अडवलं नव्हतं, आणि आताही तिचा आवाज चढला नाही.

"मग तुमी बसा," ती म्हणाली.

"कुठं?"

"मथूच्या खोलीत. मी दार लावते. हिराजीभावजी इंजान चालू करतील. दृष्ट असंल तर ती पोरीची. तुमाला काय व्हनार न्हाय."

जोमानं भावाकडं बघितलं, भाऊ बघेना. नाही म्हणायचं तर का नाही, हे सांगावं लागलं असतं.

"बसतो," जोमा म्हणाला. "डोकं जरी धरलं, तरी मीच सांगन. मग न्या तुमचं इंजान भोकरीखाली आनि गंजवा."

तो आत जाऊन मथुरेच्या चटईवर मांडी घालून बसला. चांगुणा त्याच्यामागून आत गेली आणि समोर, भिंतीला टेकून बसली. तुला कुणी सांगितलं, असं त्यानं विचारलं. तिनं पाय मुडपून घेतले. व्हिन्सेंटला हे काहीच पसंत नव्हतं, पण थांबवायचं कुणाला हे त्याला कळेना. शेवटी त्यानं आपली अट घातली. पाव तास, त्यावर एक मिनिट नाही. तो दाराबाहेर घड्याळ हातात घेऊन बसणार, दर दोन मिनिटांनी हाक मारणार, ओ आली नाही तर दार उघडणार. डोकं धरलं, मळमळलं, डोळ्यांवर झापड आली, काहीही झालं तरी त्याच क्षणी बोलायचं. दोघांनी माना हलवल्या. दार बंद झालं.

इंजिन लागलं. भिंत हादरायला लागली.

दिवसाढवळ्या दोघंच एका खोलीत बसायची त्यांना सवय राहिली नव्हती. जोमानं बारशाला काय काय करणार ते विचारलं. चांगुणेनं सांगितलं. घुगऱ्या किती भिजत घातल्या, ते विचारलं. तेही सांगितलं. बाहेरून व्हिन्सेंटची हाक आली, जोमानं ओ दिली. मग विचारायला काही उरलं नाही. त्याची नजर कोपऱ्यातल्या टोपलीवर गेली. तीत पोरीची धुतलेली दुपटी घडी करून ठेवली होती. त्यातलं एक आधीच्या वेळचं होतं, निळ्या काठाचं, ते त्यानं ओळखलं.

"तेबी याच खोलीत झालं," तो म्हणाला.

"तवा इंजान नव्हतं," चांगुणा म्हणाली. "तवा कोनाचाच हात नव्हता."

व्हिन्सेंटची दुसरी हाक आली, मग तिसरी. चौथ्या हाकेला ओ द्यायला जोमाला किंचित उशीर झाला. त्यानं कपाळावरून हात फिरवला, तो खाली ठेवला, आणि पुन्हा वर नेला. समोर चांगुणा ताठ बसली होती. तिचे डोळे उघडे होते, पण एक हात जमिनीवर दाबून धरलेला होता. ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या.

"चांगुने," जोमा म्हणाला, "माजं डोकं धरलं."

"माजं मगाशीच धरलंय," ती म्हणाली. "तुमी बोलायची वाट बगत व्हते."